खुब्याच्या ऑपरेशननंतरचं दुखणं

खुब्याचा सांधा बदलून घेतलेला माणूस म्हणून माझं स्पष्ट मत आहे, की दुखणं असह्य होईपर्यंत थांबू नये. डॉक्टरांनी बांधून दिलेल्या वेळेला गोळी घ्यावी. आमच्या कासुर्डीत, एकूणच दौंडच्या ऊसपट्ट्यात, दुखणं अंगावर काढणाऱ्याचं कौतुक होतं. या ऑपरेशननंतर मात्र सोसण्याने नुकसानच होतं. बहुतेक पेशंटना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करतात, कारण पडून राहिलं की पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो आणि मांडीची ताकद जाते. कळ मारत असेल तर माणूस पाऊलच टेकवत नाही. म्हणून व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी गोळी पोटात गेलेली बरी. एकदा चढलेली कळ उतरवायला जास्त औषध लागतं, हेही ध्यानात घ्यावं.

गोळ्यांनी किडनी जाते, ही भीती मी उडवून लावत नाही. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांचा त्रास किडनीला आणि जठराला होऊ शकतो. वय झालेल्यांना, बीपीच्या पेशंटना अधिकच. मेडिकलमधून मनाने आणलेली गोळी घातक ठरते ती इथेच. पण त्यासाठीच पॅरासिटामॉल हाच पाया ठेवून बाकीची औषधं थोडी आणि थोडेच दिवस देतात. धडधाकट मोठ्या माणसाला पॅरासिटामॉलची चोवीस तासांतली कमाल मर्यादा ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या ८ गोळ्या. वजन कमी किंवा लिव्हर नाजूक असेल तर त्याहून कमी. सर्दीच्या गोळीतही बहुधा तेच औषध असतं, तेही हिशेबात धरावं लागतं. ट्रॅमाडॉलची सवय लागेल असं घरचे म्हणतात. भीती अगदीच खोटी नाही, तरी झिजलेल्या सांध्याचं जुनं दुखणं बहुधा ऑपरेशनबरोबरच जातं; उरतं ते जखमेचं, आणि ते ओसरेल तशी ही गोळी आधी बंद करता येते. तोवर बद्धकोष्ठ आणि चक्कर सांभाळायची; वॉकरवर चक्कर येणं फार वाईट. टॉवेलात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं ठेवला, तर त्याचीही मदत होते.

गोळीने धोक्याची खूण झाकली जाईल, असंही कोणी म्हणेल. नीट दिलेली गोळी दुखणं बोथट करते, पुसून टाकत नाही. पोटरी सुजून ठणकली, एकाएकी धाप लागली, जखम पाझरू लागली, ताप भरला किंवा पाय अचानक आखूड दिसला, तर रात्र असली तरी हॉस्पिटल गाठावं. आणि सुजलेली पोटरी तेल लावून चोळायला कोणी प्रेमाने बसलं, तर त्याचा हात तिथेच धरावा. आत गुठळी असेल तर ती चोळण्याने सुटून फुप्फुसात जाऊ शकते.