चाचांच्या ओळी

वाळूज-चिकलठाण्याच्या शेडमधली नवी मुलं हल्ली हमखास विचारतात, कॅममध्ये कोणतं सॉफ्टवेअर शिकू? मास्टरकॅम, पॉवरमिल, एनएक्स, की फ्यूजन? माझ्या परीने मी सांगतो. पण सांगताना डोळ्यांपुढे जो माणूस असतो, त्याला यातलं एकही चालवता येत नव्हतं. आमच्या टूलरूममध्ये मशीनसाठी प्रोग्रॅम काढणारी जी पोस्टप्रोसेसरची फाईल आहे, तिच्या डोक्यावर माझं नाव आहे. तिच्यातल्या खऱ्या कामाच्या ओळी मात्र आमच्या व्हीएमसीवरच्या, म्हणजे उभ्या स्पिंडलच्या सीएनसी मिलिंग मशीनवरच्या, चाचांच्या आहेत. ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. हे ऋण कागदावर यायला उशीरच झाला आहे.

मी शिकलो चिकलठाणा एमआयडीसीतल्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये. 1985 मध्ये बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला आला, त्याच्या मागोमाग कास्टिंग, सुटे भाग, डाय-मोल्ड करणारे उद्योग आले आणि आमच्यासारख्या मुलांना या शहरात पोटापाण्याची एक नवी वाट मिळाली. त्या संस्थेने आधी हातात कानस दिली, मग माऊस. तिचं ऋण वेगळं आणि मोठं आहे. पण नोकरीला लागलो तेव्हा माझी समजूत अशी होती की स्क्रीनवर टूलपाथ हिरवा दिसला, सिम्युलेशनमध्ये कुठे धडक नाही, म्हणजे माझं काम झालं. पुढचं ऑपरेटर बघेल.

सॉफ्टवेअर खरं तर दोन कामं करतं. कटरचं टोक कुठून कुठे जाणार, हे आधी गणिताने ठरवतं. मग ती वाट समोरच्या मशीनच्या भाषेत उतरवतं. ही वाटणी फार जुनी आहे. 1950 च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये डग्लस रॉस यांच्या गटाने एपीटी ही भाषा रचली, तेव्हापासून कटरची वाट एकीकडे आणि मशीनपुरतं भाषांतर करणारी पोस्ट दुसरीकडे, अशीच मांडणी चालत आली. फानुक कंट्रोलला एक बोली लागते, सीमेन्सला दुसरी, हायडेनहाइनला तिसरीच. वर्गात हे सगळं शिकवलं होतं, परीक्षेत मी ते लिहिलंही होतं. पोस्ट सॉफ्टवेअरबरोबर आली आहे म्हणजे ती बरोबरच असणार, असं मी धरून चाललो होतो.

चाचा हाती मिलिंगवरून व्हीएमसीवर आलेले. इंग्रजी वाक्य त्यांना वाचता येत नसे, पण कंट्रोलच्या पडद्यावर सरकणारे जी-कोड ते सहज वाचत. जी 43 पुढचा एच नंबर टूलच्या नंबराशी जुळत नसला, तर सायकल स्टार्टच्या बटणावरचं बोट तिथेच थांबायचं. पहिल्या आठवड्यात माझा प्रोग्रॅम बघून ते एवढंच म्हणाले, "बेटा, ये मशीन को पहले का कुछ याद नहीं रहता, ऐसा समझ के लिख."

ते असं का म्हणाले, हे भारनियमनाच्या दिवसांत कळलं. एच 13 पोलादाची डाय, फिनिशिंगचा लांबलचक प्रोग्रॅम, आणि मध्येच वीज जायची. वीज आली की मशीन होमला नेऊन काम मधूनच सुरू करायचं. कॅमबरोबर आलेली पोस्ट काटकसरी होती. जी 90, जी 54, स्पिंडलचा वेग, कूलंट हे सगळं टूल बदलताना एकदा लिहायची आणि त्याच टूलच्या पुढच्या टूलपाथमध्ये गाळायची. अखंड चाललेल्या मशीनला ते पुरतं. मधून उठलेल्या मशीनला पुरत नाही. चाचा दर वेळी पडद्यावर मागे जाऊन काय काय चालू होतं ते शोधायचे, एमडीआयमध्ये, म्हणजे कंट्रोलवर हाताने टाइप करून, भरायचे आणि मग पुढे जायचे. त्यांनी मागितलं ते साधं होतं. प्रत्येक टूलपाथच्या सुरुवातीला सगळं पुन्हा लिही. सगळ्या ओळींना नंबर देऊन मेमरी भरू नकोस, फक्त टूलपाथ जिथे सुरू होतो तिथे एन 1, एन 2 असं लिही, म्हणजे मला थेट तिथे उडी मारता येईल. आणि दर टूलनंतर एम 01 घाल, इन्सर्ट बघायचा तर थांबता येईल.

त्यासाठी मला पोस्टची फाईल पहिल्यांदा उघडावी लागली. ती साधी मजकुराची फाईल होती, वाचता येत होती, बदलता येत होती, हे मला तेव्हा समजलं. पुढे फ्यूजनच्या पोस्ट जावास्क्रिप्टमध्ये पाहिल्या, फ्रीकॅडच्या पायथनमध्ये पाहिल्या. भाषा बदलते, पण प्रश्न चाचांचेच असतात.

त्यांची सगळ्यात मोठी देणगी म्हणजे प्रोग्रॅमच्या माथ्यावरची कंसातली टीप. प्रत्येक टूलसमोर व्यास, कोपऱ्याचा रेडियस, होल्डरबाहेर किती लांबी हवी, आणि त्या टूलने गाठलेला सगळ्यात खोल झेड. हा शेवटचा आकडा कुठल्याच तयार पोस्टमध्ये मला तेव्हा दिसला नव्हता. चाचा टूल बांधून झाल्यावर स्केल लावायचे, बाहेर आलेली लांबी मोजायचे आणि पडद्यावरच्या झेडशी ताडून बघायचे. खोली जास्त आणि लांबी कमी, म्हणजे होल्डर जॉबला घासणार. हे त्यांना कटर खाली जाण्याआधी कळायचं. त्यासाठी पोस्टला आधी सगळा टूलपाथ वाचून किमान झेड काढावा लागतो आणि मग पहिली ओळ लिहावी लागते. ते जमवायला मी बरेच दिवस घेतले. चाचा तोवर रोज मुकाट्याने माझ्याकडून तो आकडा कागदावर लिहून न्यायचे.

मग मालकांनी नवं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरवलं. लाखांतला खर्च, शिवाय दरवर्षीची देखभाल. विक्रेते आपापला नमुना घेऊन यायचे आणि पडद्यावर तो सुरेख कापला जायचा. निवड माझ्याकडे सोपवली होती. चाचा म्हणाले, त्यांचा नमुना राहू दे, आपली जुनी डाय दे. अरुंद रिब आणि खोल कोपरा असलेली एक डाय आम्ही काढली आणि प्रत्येकाला सांगितलं की याचा प्रोग्रॅम द्या, आमच्याच मशीनवर चालवू. चाचा फीडच्या नॉबवर हात ठेवून उभे राहायचे आणि ऐकायचे. मोठ्या कटरने कोपऱ्यात सोडलेला माल लहान कटरला नेमका कळला आहे का, की तो मोकळ्या हवेत फिरतोय? दर फेरीला उगाच सेफ झेडपर्यंत उचल आहे का? कोपऱ्यात शिरताना आवाज जड होतो का? यादी करून, गुण देऊन मी जे ठरवणार होतो ते त्या आवाजावर ठरलं. माझ्याकडून त्यात दोनच प्रश्नांची भर पडली: पोस्ट आम्हाला उघडून बदलता येईल का, आणि अडलं तर इथे येऊन कोण बघेल? आजही कुणी विचारलं तर मी हेच सांगतो. वैशिष्ट्यांची यादी नंतर वाचा.

नव्या सॉफ्टवेअरमध्ये टूल, धातू, वेग आणि फीड यांचा साठा भरून ठेवायची सोय होती. अशी सोय आता बहुतेकांत असते. पूर्वी गोदरेज समूहातून निघालेल्या जिओमेट्रिक कंपनीकडे असलेल्या कॅमवर्क्समध्ये तर भोक किंवा खाच ओळखून तिला आपल्या साठ्यातली टूलं आपोआप लावणं हाच मुख्य भाग. पण साठ्यात आधीपासून असलेले आकडे कुणाच्याच मशीनचे नसतात. आमचे आकडे चाचांच्या डायरीत होते. इन्सर्ट विकणाऱ्या डीलरने फुकट दिलेली डायरी, मजकूर उर्दूत, आकडे इंग्रजीत, पानांच्या कडा कूलंटने फुगलेल्या. जेवणाच्या सुट्टीत ते वाचायचे, मी टाइप करायचो. एका कटरला ते दोन-तीन फीड सांगत, तेव्हा मी विचारलं, नेमका कोणता घालू? त्यांनी कटर होल्डरमध्ये धरून दाखवला: इतका बाहेर असेल तर हा, इतका असेल तर तो. मी नंतर हिशेब केला. कटरचं वाकणं बाहेर आलेल्या लांबीच्या घनाच्या पटीत वाढतं. 40 मिमीचे 70 मिमी झाले की त्याच जोराला कटर पाचपटीहून जास्त वाकतो. त्यांनी हे सूत्र कधी पाहिलं नव्हतं. साठ्याच्या तक्त्यात लांबीचा एक जादा रकाना मी त्या दिवशी घातला, तो आजतागायत आहे.

फिनिशिंगचंही तसंच. 10 मिमीच्या बॉलनोजने 0.5 मिमीच्या पायऱ्या घेतल्या तर मधले कंगोरे सपाट भागात सुमारे 6 मायक्रॉन उरतात, 0.3 घेतल्या तर 2 च्या थोडे वर. वेळ मात्र पायऱ्या जितक्या पटीने बारीक, तितक्या पटीने वाढतो. मी हे गणितात बघायचो. चाचा डायच्या पोकळीत अंगठ्याचं नख आडवं फिरवायचे आणि सांगायचे की हे कंगोरे नाहीत, इथे टूल दर फेरीला एकाच जागी शिरतंय, त्याचा डाग आहे, पॉलिशवाल्याचा दिवस खाईल. मग आम्ही सगळे प्रवेश पार्टिंगच्या कडेबाहेर काढले आणि टूल सरळ न शिरता कमानीतून अलगद लागेल असं टेम्प्लेट बनवलं. सॉफ्टवेअरमध्ये ती सोय पहिल्यापासून होती. ती कुठे वापरायची, हे मला त्या नखाने शिकवलं.

पाच अक्षांचं मशीन आलं ते चाचा निवृत्त झाल्यानंतर. त्याची पोस्ट विकत घ्यावी लागली, कारण टेबल तिरपं झाल्यावरचं गणित माझ्या आवाक्याबाहेरचं होतं. घेताना करारात लिहून घेतलं की माथ्यावरची टीप, एन नंबर आणि पुन्हा लिहिण्याची पद्धत आमचीच राहील. आता त्या मशीनवर आयटीआय करून आलेली एक मुलगी आहे. परवा म्हणाली, "सर, प्रत्येक टूलपाथच्या आधी ए आणि सी चा कोन कंसात छापून येईल का? टेबल कुठे वळणार ते आधी कळलं तर क्लॅम्प बघता येईल." चाचांना झेडसाठी थांबावं लागलं होतं तितकं तिला थांबवायचं नव्हतं. संध्याकाळी घरी जायच्या आधी ती ओळ पोस्टमध्ये घातली, आणि फाईलच्या माथ्यावर माझ्या नावाखाली चाचांचं आणि तिचं नाव लिहिलं.