भावडबारीतील सुटलेली नळी

नाशिकहून मांगी-तुंगीला निघालेला यात्रेकरू सोग्रस फाट्यावर मुंबई-आग्रा महामार्ग सोडून देवळ्याकडे वळतो. पुढे सातमाळ्याची रांग आडवी येते आणि भावडबारीचा घाट लागतो. या भागात डोंगरातील खिंडीला बारी म्हणतात. बारी ओलांडली की बागलाणची वाट मोकळी होते. देवळा, लोहोणेरजवळ गिरणेचे पात्र, सटाणा, ताहाराबाद, आणि मग सेलबारी-डोलबारी रांगेतील ती जुळी शिखरे. राम, हनुमान, सुग्रीव यांच्यासह ९९ कोटी मुनी येथून मोक्षास गेले, अशी श्रद्धा आहे. भगवान ऋषभदेवांची १०८ फुटी मूर्तीही याच डोंगरात आहे.

दिवाळीनंतरच्या एका दुपारी धान्याचे व्यापारी असलेले एक कुटुंब याच वाटेने चालले होते. सोबतच्या आजींचा रात्रिभोजनत्याग असल्याने सूर्यास्तापूर्वी धर्मशाळेत पोहोचण्याचा बेत होता. घाट चढताना बॉनेटखालून फुसफुस ऐकू येऊ लागली, इंजिनची गती आपोआप कमीजास्त होऊ लागली. माथ्यावर नातवाने ब्रेक दाबला, तर पेडल दगडासारखे कठीण लागले. सारा जोर लावून त्याने गाडी सपाट जागी थांबवली.

बॉनेट उघडताच बोटाएवढ्या जाडीची एक रबरी नळी लोंबकळताना दिसली. “गाडी चालू तर आहे, सावकाश उतरू,” असे नातू म्हणाला. आजींनी शांतपणे उत्तर दिले, “बाळा, माझी दशमी डब्यात आहे, मी इथेच जेवून घेते. नळी कशाची ते कळल्याशिवाय गाडी हलवायची नाही.”

नातवाचे वडील पुढे झाले. खतावणीत जमेची बाजू दिसली की नावेची शोधायची, ही त्यांची आयुष्यभराची सवय. मात्र इंजिनाजवळचे प्रत्येक उघडे तोंड सुटलेले नसते. एसीचे पाणी बाहेर सोडणारी नळी मुळातच एका टोकाला मोकळी असते. म्हणून नळीतून काय वाहत होते, हे आधी ओळखावे लागते. रेडिएटरची नळी जाड असते. ती सुटली तर रंगीत शीतकद्रव सांडतो, वाफ येते आणि तापमानाचा काटा चढतो. अशा वेळी गरम रेडिएटरचे झाकण उघडणे म्हणजे उकळते पाणी अंगावर घेणे होय. इंधनाची नळी वासाने कळते, आणि तो वास आला तर इंजिन तत्काळ बंद करावे. काच धुण्याच्या पाण्याची नळी बारीक व मऊ असते.

ही नळी आतून कोरडी होती. वासही नव्हता, काटाही जागेवर होता. तिचे दुसरे टोक ब्रेक ऑइलच्या डबीमागील मोठ्या गोल डब्याला जोडलेले होते. तो डबा म्हणजे ब्रेकचा बूस्टर. पेट्रोल इंजिन हवा ओढते, त्या ओढीने तयार होणारी निर्वात स्थिती ही नळी बूस्टरपर्यंत पोहोचवते, आणि म्हणून पायाच्या थोड्या दाबाने ब्रेक लागतो. ती सुटली की पेडल कठीण होते आणि नको ती हवा शिरून इंजिन अडखळते. दोन्ही लक्षणांचे मूळ एकच होते.

आता जोडी शोधायची होती. इंजिन क्षणभर चालू करून, पंखा व पट्ट्यापासून हात दूर ठेवून त्यांनी कान दिला. फुसफुस इनटेक मॅनिफोल्डवरील एका आखूड तोटीतून येत होती. आजूबाजूला धूळ साचली होती, पण नळी बसत असलेली तोटीची जागा स्वच्छ होती. आदल्या दिवशी बॅटरी बदलताना तेथील क्लिप सैल राहिली असावी. इंजिन बंद करून त्यांनी नळी तोटीवर पुरती सरकवली आणि क्लिप आवळली.

मग खात्री केली. बंद इंजिनात पेडल कठीण होईपर्यंत चारपाच वेळा दाबले, पाय तसाच ठेवून इंजिन सुरू केले. पेडल किंचित खाली गेले, म्हणजे बूस्टर काम करू लागला होता. तसे झाले नसते, तर मेकॅनिक येईपर्यंत गाडी तेथेच ठेवणे हाच शहाणपणा होता, कारण पुढे सारा उतार होता.

आजींचे जेवण तोवर झाले होते. सूर्य डोंगराआड गेला तेव्हा गाडी खालच्या गिअरमध्ये देवळ्याकडे उतरत होती. सटाण्यात नवी क्लिप बसवून कुटुंब धर्मशाळेत पोहोचले ते अंधार पडल्यावर. आजींच्या नियमाला मात्र बाधा आली नव्हती.