कुंथलगिरीच्या वाटेवर

गेल्या पौषात सपत्नीक कुंथलगिरीच्या यात्रेचा योग आला. सोलापूरहून वैराग, बार्शी करीत आम्ही निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शाळूची कणसे भरू लागली होती. बार्शी म्हणजे धान्य-कडधान्याची जुनी पेठ; आपल्या समाजातील कित्येक पेढ्यांचे या गावाशी पिढ्यान्‌पिढ्यांचे व्यवहार आहेत. मात्र या गावाची आणखी एक ओळख आपल्यापैकी थोड्यांनाच असेल. ग्रामीण लोकसंख्येची देशातील पहिली कर्करोग नोंदणी १९८७ साली येथे सुरू झाली. बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांतील ३४६ खेडी तिच्या कक्षेत आली. खेड्यातील रुग्ण आपण होऊन दवाखान्याची पायरी चढत नाही, हे ओळखून नोंदणीचे कार्यकर्तेच गावोगाव गेले. त्यांनी सभा घेतल्या, लक्षणे समजावून दिली, संशयित रुग्णांना तपासणीस आणले आणि उपचारानंतर विचारपूस करण्यासाठी पुन्हा त्यांचे दार गाठले. गर्भाशयमुखाचा कर्करोग झालेल्या स्त्रिया त्यामुळे पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत उपचारास येऊ लागल्या.

कुंथलगिरी याच भूम तालुक्यात आहे. क्षेत्रावर पोहोचण्यापूर्वी वाटेवरील एका गावी माझ्या मावसभावाच्या किराणा दुकानात थांबलो. ‘जय जिनेंद्र’ झाले, चहा झाला. इतक्यात आशाताई आल्या. त्यांनी अर्धा किलो साखर मागितली आणि सहज विचारावे तसे म्हणाल्या, “वहिनी आत आहेत ना?” त्या आत गेल्या, त्या अर्ध्या तासाने बाहेर आल्या.

खरी हकिकत नंतर कळली. वहिनींवर दोन वर्षांपूर्वी स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली होती. नातेवाइकांत कोणालाही याचा पत्ता नव्हता. आशाताई मात्र दर पंधरवड्याला येत आणि शेजारच्यांना शंका येऊ नये म्हणून प्रत्येक वेळी काहीतरी विकत घेत.

आशा कार्यकर्तीची योजना २००५ पासूनची. साधारण हजार लोकवस्तीमागे एक. ती त्याच गावची असते आणि मानधन व कामागणिक मोबदला यांवर काम करते. तिशीपुढील प्रत्येकाची माहिती घेऊन तोंडाच्या, स्तनाच्या व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लक्षणे विचारणे हे तिच्या कामांपैकी एक. पण त्या घरी मला दिसले ते कोणत्याही फॉर्मात न मावणारे होते. काखेतील गाठी काढल्याने वहिनींच्या हाताला सूज येई. हंडा कोणत्या हाताने उचलायचा नाही, व्यायाम कोणता करायचा, हात लाल झाला तर लगेच का दाखवायचे, हे ताईंनी त्यांच्याकडून घोकून घेतले होते. पाच वर्षे रोज घ्यावयाच्या गोळ्यांची पाकिटे त्या स्वतः मोजत. गेल्या दशलक्षण पर्वात त्या मोजणीत गोळ्या जास्त निघाल्या. उपवासात बंद केलेली गोळी ‘आता बरे आहे’ म्हणून वहिनींनी पुन्हा सुरूच केली नव्हती. घरात कोणाला ठाऊक नव्हते. ताई रागावल्या नाहीत. त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांशी बोलणे करून दिले, मोठ्या दवाखान्यात पाठवले आणि सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाला जुळेल अशी गोळीची वेळ डॉक्टरांकडून ठरवून घेतली.

बँकेत असताना आम्ही म्हणत असू की कर्ज मंजूर करणे सोपे, खरे काम पुढच्या पाठपुराव्याचे. दवाखान्यातून घरी सोडले म्हणजे खाते बंद झाले, असे आपण समजतो. वस्तुतः ते तेथून पुढे सुरू होते.

निघताना मी भावाला जरा रागानेच म्हणालो, “अरे, आम्हाला तरी सांगायचेस!” तो खाली मान घालून म्हणाला, “दादा, मुलीचे लग्न व्हायचे आहे.”

त्यावर मला बोलता आले नाही. तीनच वर्षांपूर्वी आमच्या पुतण्यासाठी आलेल्या एका स्थळाकडे ‘घरात कोणाला काही मोठे आजार?’ असा प्रश्न मीच विचारला होता आणि उत्तर ऐकून ते स्थळ मीच बाजूला ठेवले होते. भावाने ही गोष्ट कोणापासून लपवली? माझ्यासारख्यांपासूनच. परक्या समाजातील एका बाईला जे सांगता आले, ते मोठ्या भावाला सांगता आले नाही.

संध्याकाळपूर्वी डोंगर चढलो. कुलभूषण-देशभूषण मुनींची ही सिद्धभूमी. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली सल्लेखना घेतली तीही येथेच. ध्यानस्थ मुनिद्वयावर उपसर्ग झाला तेव्हा राम-लक्ष्मणांनी तो दूर केला, मग त्यांना केवलज्ञान झाले, ही कथा लहानपणापासून ऐकत आलो आहे. देहाची आसक्ती सोडलेल्या मुनींसाठीही कोणीतरी धावून आले. मग देहाचे दुःख सोसणाऱ्या आपल्या घरच्या बाईजवळ कोण उभे राहते? वैयावृत्त्य हे आपल्याकडे अंतरंग तप मानले आहे. मी ते आयुष्यभर ‘मुनींची सेवा’ एवढ्याच अर्थाने वाचले.

घरी आल्यावर पहिला फोन वहिनींना केला. आता दर महिन्याला करतो. पुतण्यासाठी अजून स्थळे पाहत आहोत. तो प्रश्न मात्र मी आता विचारत नाही.