उलटी धरलेली पीढी

जुन्या सामानाच्या दुकानात शिरलं की सोलापूरचं माणूस आधी सुताकडे बघतं, लाकडाकडे मग. ढिगातून डोकावणाऱ्या त्या बुटक्या खुर्चीची म्हणूनच मला आधी बैठक दिसली. कापसाच्या जाड दोरीची वीण, एकात एक बसवलेले चौकोन, मधोमध काळ्या दोरीचा चौफुला. पाय कातीव आणि रंगीत. हातभर उंच पाठीत कातीव दांड्या आणि आरशाचे दोन तुकडे, त्यातला एक तडकलेला.

“पंजाबी हाय ताई. लग्नातली. रेल्वेच्या एका सायबाची बदली झाली, तवा आली,” दुकानदार म्हणाला. “पॉलिश मारून देतो, नवी दिसंल.”

पॉलिश नको, म्हटलं. पण ‘लग्नातली’ हे डोक्यात राहिलं. कुणाच्या लग्नातली? कुठल्या गावच्या?

जुन्या बाजारात रंगीत पायांचं काहीही आलं की ते पंजाबी ठरतं. खरं तर लाखेचे रंग लावलेलं लाकूड या देशात ठिकठिकाणी होतं. गुजरातेत संखेड्याचे खरादी लाखेखाली कथलाची नक्षी काढतात, म्हणून त्यांच्या झोपाळ्यांना आणि खुर्च्यांना ती सोनेरी झाक येते. आपल्या सावंतवाडीचे चितारी पाटा-चौरंगांवर कुंचल्याने वेलबुट्टी आणि देवादिक रंगवतात. सिंधमधल्या हाल्याचे पाळणे आणि पलंगाचे खूर तर पंजाबी कामाच्या इतके जवळचे की भल्याभल्यांनी थबकावं. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं महाराष्ट्रभर पसरली, म्हणून आपल्याकडे ही शंका धरावीच लागते.

खुर्ची उलटी केली. समोरून वस्तू नटलेली असते, माहिती असते ती बुडाशी. चौकटीच्या आतल्या बाजूला लाख नव्हती, तिथलं लाकूड उघडं होतं: तपकिरी, किंचित सोनेरी, मधून गडद रेघा. शिशम. आपली दक्षिणेतली शिसवी जांभळट काळी असते, हा तिचा उत्तरेकडचा भाऊबंद. संखेड्याला सागवान वापरतात. एक शक्यता तिथेच गळाली.

मग खूर. असल्या लाखकामात ब्रश नसतो. लेथवर लाकूड गरगर फिरत असतं, त्याला रंगीत लाखेची कांडी टेकवायची, घासण्याच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडाला धरते. पंजाबात आणि सिंधमध्ये असे एकावर एक थर चढवतात, पिवळा, लाल, हिरवा, सर्वांत वर काळा, आणि मग टोकदार हत्याराने वरचा थर खरवडून खालचा रंग वर आणतात. चितारणं म्हणजे भर घालणं, इथे काढून टाकून फूल उमटतं. आणि किती खोल जायचं हे हाताला कळावं लागतं, कारण केसभर जास्त गेलं तर पिवळ्याऐवजी लाकूड दिसतं. या खुरांवर तशी बारीक पानं होती. बोट फिरवलं की रेघ लागत होती. म्हणजे सिंध नाही तर पंजाब; पण पंजाबातलंही कुठलं गाव?

बेडन-पॉवेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने 1872 साली पंजाबच्या कारागिरीवर जाडजूड ग्रंथ लिहिला. लाहोरच्या मेयो कला शाळेत जॉन लॉकवूड किपलिंग 1875 पासून याच कारागिरांच्या मागे होता. लाखेसाठी पाकपट्टण, कोरीव कामासाठी चिनाबकाठचं चिनिओट, शिशमात हस्तिदंत जडवण्यासाठी होशियारपूर अशी नावं होती. 1947 ला रेघ ओढली गेली. पाकपट्टण आणि चिनिओट पलीकडे गेले, होशियारपूर अलीकडे राहिलं. फर्निचरसाठी आज ज्याचं नाव घेतात ते जालंधरजवळचं कर्तारपूरही अलीकडेच. त्यामुळे फाळणीआधीच्या खुर्चीला नुसतं पंजाबी म्हणणं म्हणजे अर्धाच पत्ता लिहिणं. हस्तिदंताचं जडाव असतं तर आणखी धागा मिळाला असता. हस्तिदंतावर एकमेकींना छेदणाऱ्या फिक्या रेषा असतात, हाडावर बारीक ठिपके दिसतात, आणि व्यापारावर बंदी आल्यानंतरचं प्लास्टिक सपाट पांढरं असतं. इथे जडाव नव्हतंच.

पाकपट्टण म्हणजे बाबा फरीदांचं गाव. गुरू ग्रंथसाहिबात फरीदांचे श्लोक आहेत आणि आमच्याच जिल्ह्यातल्या पंढरपूरच्या नामदेवांची 61 पदंही. विठ्ठलाच्या दारचा हा शिंपी पंजाबात घुमानपर्यंत गेला. लाखेच्या खुरावरून हात फिरवताना मला ते दोघे एका पोथीत शेजारी बसलेले आठवतात आणि खूप बरं वाटतं.

पंजाबात मुलीच्या लग्नात पलंग, रजया मावतील एवढा संदूक, रंगीत चरखा आणि अशी बुटकी खुर्ची, म्हणजे पीढी, देत. पीढी बुटकी का, याचं उत्तर मला चरख्यात सापडतं. आणि मला ते सापडलं सोलापूरच्या दाजी पेठेत, पंजाब न पाहता.

आमच्या शेजारच्या अक्का कांड्या भरायच्या. घरात माग होता, मामा मागावर, अक्का दाराजवळ उजेडात. रंगवलेल्या सुताची लडी एका बाजूला, चाक दुसऱ्या बाजूला. उजव्या हाताने चाक फिरायचं, डाव्या हाताच्या अंगठा आणि बोटामधून सूत सरकायचं आणि कांडी बघता बघता पोटुशी व्हायची. ती धोट्यात जायची. सूत तुटलं की चाक जागच्या जागी थांबायचं, दोन्ही टोकं बोटांत यायची आणि गाठ बसलेली असायची. ती कशी बसली हे मला कधीच दिसलं नाही. माझ्यासाठी मुद्दाम सावकाश करून दाखवलं तरी दिसलं नाही. डाव्या तर्जनीला सुताने पाडलेली खाच होती. ज्या रंगाची चादर मागावर त्या रंगाची नखं. बोलणं तेलुगूत सुरू व्हायचं, माझ्याकडे बघून मराठीत यायचं, आणि मामांनी आतून कांड्यांसाठी हाक मारली की पुन्हा तेलुगूत.

अक्का बसायच्या ती एक फळी होती. चार बोटं उंच, खाली दोन आडव्या पट्ट्या, आणि उजवीकडचा पुढचा कोपरा कापलेला. चाक फिरवताना गुडघा तिथे यायचा म्हणून मामांनीच करवतीने कापून दिला होता. आम्ही मुलं त्या फळीवर बसलो की कसंतरीच वाटायचं, ती आम्हाला कुठूनच बसत नसे. वर्षानुवर्षं एकाच अंगावर भार घेऊन बसल्याने तिची डावी बाजू गुळगुळीत होती, उजवी खरबरीत. उंच स्टुलावर बसून कांड्या भरता येत नाहीत. चाकाचा आस, कोपर आणि डोळा हे तिन्ही जमिनीजवळच जुळतात. शहाण्या माणसांनी स्वयंपाकाचे ओटे उंच केले, त्याबद्दल मी आभारीच आहे, पण सुताचं काम खाली बसूनच नीट होतं असं माझं ठाम मत आहे.

आता त्या पीढीची बैठक पुन्हा बघा. डाव्या बाजूला दोरी लोंबलेली, उजवीकडे अजून ताठ. पुढच्या उजव्या खुरावर एकाच जागी लाख घासून लाकूड उघडं पडलेलं. मला वाटतं ती नुसती लग्नात मिरवून कोपऱ्यात ठेवलेली नव्हती. तिच्यावर बसून कुणीतरी उजव्या हाताने चाक फिरवलं, डाव्या हाताने तार ओढली, आणि ते पुष्कळ वर्षं. बैठकीखालच्या बाजूने एका ठिकाणी दोरी तुटून जोडलीय, तीही नायलॉनने नाही. पिळून जाड केलेलं रंगीत सूत, हिरवं आणि किरमिजी, मागावरून चादर उतरल्यावर उरतं तसल्या दशांचं. म्हणजे दुरुस्ती बहुधा सोलापुरातली.

त्या बाईचं नाव मात्र कुठेच नाही. खूर सांगेल तो कारागिराचा हात, लाकूड सांगेल तो मुलूख. आपल्या लग्नात बरोबर उलटं. आमच्या अक्कांच्या मुलीला कपाट आणि पलंग दिला तो दुकानातून आणलेला, कुठल्याही गावचा असू शकेल असा. पण भांड्यांवर नावं घालायला नाव कोरणारा दारात येऊन बसला होता आणि त्याच्या यंत्राचा किरकिराट दुपारभर चालला होता. चि. सौ. कां. अमुक हिला, अमक्याकडून सप्रेम भेट, खाली तारीख. मोडीत निघालेल्या भांड्यांच्या दुकानात मी हल्ली काठ वाचत उभी राहते. तांब्यावर मामाचं नाव असतं, परातीवर आत्याचं. मोठ्या पातेल्यांवर मात्र पुष्कळदा एका माणसाचं नाव नसतं: साचेखाते मित्रमंडळ, वाइंडिंग खाते, रात्रपाळी. खाली सालही असतं. गिरण्या बंद झाल्या, पण कुठल्या खात्यातल्या माणसांनी वर्गणी काढून कुणाच्या मुलीला पातेलं दिलं, ते त्या काठावर वाचता येतं.