सतराव्या वर्षीची सही

परवा आमच्या गल्लीत एका दारात वसुलीवाला उभा. पोरगं सतरा वर्षांचं, मोबाईल हप्त्यावर, कागदावर सही त्याचीच. आई रडकुंडीला आलेली. म्हटलं, वहिनी, आधी जन्मदाखला काढा. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे अठरा पूर्ण नसतील तर करारच होत नाही. १९०३ च्या मोहरीबीबी खटल्यात प्रिव्ही कौन्सिलनं हेच सांगितलं. तिथं तर घर गहाण टाकलेलं! अठरा झाल्यावर 'जुनी सही मान्य' असं लिहून घेतलं तरी चालत नाही. पण मोबाईल फुकटात पचेल असंही नाही हं, कोर्ट तो परत करायला लावू शकतं.

जामीनदार म्हणून वहिनींनी सही केलीय का, हे मात्र विचारायचंच राहिलं. म्हणजे हप्ते त्यांच्याच गळ्यात. रात्री फोन केला. केलीय म्हणे.