प्रत्यक्ष लढणाऱ्या शाखा

भारतीय भूदलातील शाखांचे दोन मोठे गट आहेत: आर्म्स आणि सर्व्हिसेस. लढणाऱ्या आणि लढाईत लगतची साथ देणाऱ्या शाखा पहिल्या गटात येतात. रसद, दारूगोळा, दुरुस्ती आणि वैद्यकीय मदत ही कामे दुसऱ्या गटाकडे असतात. आघाडीवर जाऊ पाहणाऱ्या तरुणाने आधी पहिला गट नीट समजून घ्यावा.

त्यात अग्रमान पायदळाचा. जमीन जिंकणे आणि ती राखणे हे काम शेवटी पायी चालणाऱ्या जवानालाच करावे लागते. शिवाय पायदळाला युद्धाची वाट पाहावी लागत नाही; नियंत्रण रेषेवरील गस्त, बर्फातील ठाणी आणि दहशतवादविरोधी मोहिमा वर्षभर चालूच असतात. प्रत्येक पलटणीत निवडक जवानांची घातक प्लाटून असते आणि धाडसी छाप्यांसाठी तिला पुढे धाडतात. पायदळात माणूस बहुधा एकाच पलटणीत वाढतो. १७६८ पासूनची परंपरा सांगणाऱ्या आणि बेळगावला केंद्र असलेल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत ‘जंगी पलटण’ हे नाव आजही घरातल्या माणसाच्या नावासारखे घेतले जाते.

यंत्राची ओढ असणाऱ्याला रणगाडा दल किंवा यांत्रिक पायदळ अधिक मानवते. टी-९० रणगाड्यात तिघेच असतात: कमांडर, गनर आणि चालक. त्यांच्या दिवसाचा मोठा भाग देखभालीत जातो, हे आधी ठाऊक असलेले बरे. या दोन्ही शाखांची प्रशिक्षण केंद्रे अहिल्यानगरला आहेत.

तोफखान्याविषयी एक गैरसमज खोलवर रुजला आहे. तोफा मागे असतात, म्हणून तोफखान्याचा अधिकारीही मागेच राहतो, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात निरीक्षण अधिकारी पायदळाच्या तुकडीबरोबर चढाई करतो आणि डोळ्यांसमोरच्या लक्ष्यावर रेडिओवरून मारा आणवतो. त्याचा धोका पायदळाइतकाच असतो आणि त्यात गणिताची जबाबदारी मिळते. ज्याला डोके आणि पाय दोन्ही वापरायचे आहेत, त्याच्यासाठी ही शाखा उत्तम.

सॅपर्स म्हणजे लष्करी अभियंते; तेही मागेच राहतात, हा असाच गैरसमज आहे. एप्रिल १९४८ मध्ये बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांनी नौशेरा-राजौरी मार्गावर शत्रूच्या माऱ्याखाली सुरुंग आणि अडथळे काढत रणगाड्यांना वाट करून दिली. या कामगिरीबद्दल त्यांना परमवीरचक्र मिळाले. आघाडीच्याही पुढे जाणारे हे काम होते.

पॅरा स्पेशल फोर्सेससाठी स्वेच्छेने नाव द्यावे लागते. चाचणीचा काळ अतिशय कठोर असतो आणि त्यात न टिकणाऱ्याला परत जावे लागते. म्हणून मूळ शाखाही मनापासून निवडलेली असावी.

तरुणींसाठी चित्र हळूहळू बदलत आहे. २०२३ मध्ये तोफखान्यात पहिल्या महिला अधिकारी रुजू झाल्या. पायदळ, रणगाडा दल आणि यांत्रिक पायदळ मात्र अजून त्यांना खुले झालेले नाही.

अधिकाऱ्यांना शाखा मिळते ती प्रशिक्षण संपताना: स्वतःची पसंती, गुणानुक्रम आणि रिक्त जागा पाहून. पसंती हुकली तरी दार बंद होत नाही. १९९० पासून उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय रायफल्समध्ये पायदळाबरोबर इतर शाखांतील अधिकारी आणि जवानही जातात आणि काश्मीरच्या मोहिमांत पायदळाचेच काम करतात.