बेबसी, नाईक आणि रमदान

आमच्या धानोऱ्यात एकाच किराणा दुकानात चार भाषांत सौदा होतो. गुजरातची हद्द जवळ, त्यामुळे गुजराती कानावर असतेच. शेतकरी अहिराणी बोलतात, पाड्यांवरून येणारे मावची नाहीतर भिली, आणि आमच्या घरांत ती खानदेशी उर्दू, जिला लखनौवाले उर्दू मानायला तयार नसतात. अहिराणीत 'ळ'चा 'य' होतो. गिऱ्हाईक 'केयी' मागतं आणि केळी घेऊन जातं. उच्चारावरून सौदा मोडलेला मी तरी पाहिला नाही.

वाद सुरू होतात ते पाहुणे आल्यावर. आमचा एक मामेभाऊ जेद्दाहून सुट्टीवर आला होता. सांगू लागला की तिकडे पेप्सीला 'बेबसी' म्हणतात. अरबीत 'प' हे अक्षरच नाही, म्हणून बाटलीवरही 'ब'च लिहितात. खाला लगेच म्हणाली, "बेबसी तर आपल्याकडे लाइट गेली की फुकट मिळते. ती विकत कोण घेतं?"

मग त्याच्या बुटांवर चाचांची नजर गेली. त्यांनी 'नाईक' असं वाचलं. भाऊ म्हणाला, "नाइकी म्हणा, चाचा." नाव ग्रीकांच्या विजयदेवतेचं आहे, अमेरिकेत नाइकीच म्हणतात. पण इंग्लंडात पुष्कळ लोक अजून 'नाइक'च म्हणतात, म्हणजे चाचा काही एकटे नव्हते. त्यांचं म्हणणं एवढंच, की नवापूरकडे इतके नाईक आहेत, त्यांतल्याच कुणीतरी कारखाना काढला असेल. चहा गार झाला, पण दोघांपैकी कुणी मागे हटलं नाही.

गंमत अशी, की आपण ज्या नावांवरून भांडतो ती नावं कंपन्या खुशाल बदलतात. जर्मन माणूस 'व्ही' हे अक्षर बहुधा 'फ'सारखं उच्चारतो. त्याच्या तोंडी विक्सचं 'फिक्स' होतं, आणि ते एका शिवीच्या फार जवळ जातं. म्हणून जर्मनीत त्याच मलमाच्या डबीवर 'विक' असं छापतात, आणि तेही 'डब्ल्यू'ने. आपले लेज चिप्स इंग्लंडमध्ये 'वॉकर्स' होतात. गिऱ्हाइकाची जीभ वळत नसेल तर कंपनी स्वतः वळते.

आणि आपलं रूह अफ्झा! दिल्लीच्या हकीम अब्दुल मजीद यांचं हे सरबत. फाळणीनंतर त्यांचा थोरला मुलगा दिल्लीत राहिला, धाकटे हकीम मोहम्मद सईद कराचीला गेले आणि 1948 साली तिथे हमदर्द उभी राहिली. पुढे बांगलादेशातही ती बाटली आहेच. नावाचा अर्थ रूहला, म्हणजे आत्म्याला, उभारी देणारं. खालाच्या तोंडी ते 'रुअब्जा' आहे. तिच्या हातचा पेला प्यायल्यावर उभारी येत नाही असं आजवर कुणी म्हटलेलं नाही.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी होतं. पण एका इफ्तारला मामेभावाचा दहा वर्षांचा मुलगा खालाला म्हणाला, "दादी, रमजान नाही, रमदान म्हणायचं. तुमचं चुकतं." मुलाचा दोष नव्हता, तो शाळेत ऐकतो तेच बोलला. ते अक्षर खरंच अवघड आहे. अरब आपल्या भाषेलाच 'दादची भाषा' म्हणतात. फारसीत त्याचा 'ज़' झाला, तिथून उर्दूत, आणि उर्दूतून आपल्याकडे. तुर्कस्तानातही 'रमझान'च म्हणतात. शेकडो वर्षं कोट्यवधी लोकांनी याच उच्चारावर रोजे ठेवले आहेत.

खाला हसली. पण दुसऱ्या दिवसापासून तिची दुआ ऐकू येईनाशी झाली. ओठ हलायचे, आवाज नाही. साठ वर्षं सहरीला मोठ्याने हाका मारून घर उठवणारी बाई खांद्याला हात लावून उठवू लागली. हे मला हसण्यावारी नेता येईना.

कुरआन पठणात मखरजला, म्हणजे अक्षर कुठून उच्चारायचं त्याला, महत्त्व आहेच. ज्याला जमेल त्याने ते जरूर शिकावं. पण अडखळत, कष्टाने कुरआन वाचणाऱ्याला दुप्पट सवाब आहे, अशी हदीसही आहे. ती आपल्याकडे सांगितली जाते कमी, उच्चाराच्या चुका काढल्या जातात जास्त. मराठीत बोललो की 'ण' आणि 'न'वरून ऐकायचं, उर्दूत बोललो की 'काफ'वरून, आणि आता घरातही 'दाद'वरून. अशाने म्हातारी माणसं गप्प बसतात, आणि त्यांच्याबरोबर त्यांची बोलीही.

मी ही हदीस त्या मुलाला सांगितली, खाला ऐकेल अशा बेताने. तो थोडा वेळ विचार करत बसला. मग विचारलं, "म्हणजे दादीला डबल मिळतं?"

"डबल."

"मग मला पण रमजान म्हणायचंय."

खाला म्हणाली, "तू रमदानच म्हण बेटा, तुझ्या मास्तरांना राग येईल." आणि पुढच्या सहरीला आमच्या गल्लीला तिची हाक पुन्हा ऐकू आली: "उठो रे, रमजान है, सोने का महिना नई!"